जुन्या डेस्कटॉपला वाय-फाय: सोलापुरात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. घरी फायबरचं कनेक्शन आलं, पोरांचे मोबाईल धावायला लागले, पण कोपऱ्यातला डेस्कटॉप मात्र कोरडाच राहिला, ही तक्रार घेऊन आठवड्यातून चार-पाच जण तरी येतात. यांत पूर्व भागातले टॉवेल-चादरीचे कारखानदार असतात, जुळे सोलापुरातले परीक्षेचे फॉर्म भरणारे विद्यार्थी असतात आणि होटगी रोडचे निवृत्त शिक्षकही असतात. डेस्कटॉपला वाय-फाय पकडून देणारी जी छोटी वस्तू लागते, तिला कोणी डोंगल म्हणतं, कोणी रिसिव्हर. मी इथे अ‍ॅडाप्टर म्हणतोय. प्रश्न साधारण तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली.

माझा कॉम्प्युटर दहा-बारा वर्षांचा आहे. त्याला वाय-फाय बसेल का, की नवाच घेऊ?

बसेल. यूएसबीचं एक चालू पोर्ट असेल तर बसेल. कोअर टू ड्युओ प्रोसेसर आणि जी ४१ मदरबोर्डाच्या जुन्या मशीनलाही मी वाय-फाय जोडून दिलंय आणि त्यांवर आजही टॅली आणि ई-वे बिलाचं काम चालतं. नुसतं वाय-फाय नाही म्हणून चालता कॉम्प्युटर भंगारात घालणं मला पटत नाही. खर्च करायचाच असेल तर अ‍ॅडाप्टरबरोबर एक एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाका, मशीन आणखी काही वर्षं काढेल.

दुकानात जाण्याआधी काय बघून जाऊ?

तीन गोष्टी. कोणतं विंडोज आहे आणि ते ३२ बिट की ६४ बिट. मागे यूएसबीची कोणती पोर्ट आहेत, फक्त काळी (यूएसबी २) की निळीसुद्धा (यूएसबी ३). आणि राउटर कोणता आहे.

विंडोज बघायला कीबोर्डवरचं विंडोजचं बटण दाबून ठेवून पॉज बटण दाबा, माहितीची खिडकी उघडते, तिचा फोटो काढा. पोर्टसाठी कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा मोबाईलवर फोटो काढा. राउटर उलटा करून त्याच्या स्टिकरचाही फोटो काढा. हे तीन फोटो दाखवलेत तर दुकानदाराला अंदाजाने काही द्यावं लागत नाही आणि तुमची परत फेरी वाचते.

राउटर सिंगल बँड आहे की ड्युअल बँड, हे कसं ओळखायचं?

बँड म्हणजे लहरींचा पट्टा: सिंगल बँड राउटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, ड्युअल बँड २.४ आणि ५ अशा दोन्हींवर. मोबाईलवर वाय-फायची यादी उघडा. तुमच्याच नावाची दोन नेटवर्क दिसत असतील आणि एकाच्या शेवटी ५जी असं काही लिहिलं असेल, तर तो ड्युअल बँड. या ५जीचा मोबाईलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही, इथे त्याचा अर्थ ५ गिगाहर्ट्झ एवढाच. काही राउटर दोन्ही बँड एकाच नावाखाली ठेवतात, मग स्टिकर बघावा लागतो. स्टिकरवर फक्त २.४ गिगाहर्ट्झ असेल तर महागडा ड्युअल बँड अ‍ॅडाप्टर घेऊन आज तरी काही फरक पडणार नाही. कनेक्शन देणाऱ्याला आधी विचारा. बरेच जण राउटर बदलून देतात.

२.४ चांगलं की ५?

२.४ गिगाहर्ट्झ लांब जातं, भिंतीतून बऱ्यापैकी पार होतं, पण त्यात गर्दी फार. एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल त्यात तीनच: १, ६ आणि ११. साखर पेठेत किंवा भवानी पेठेत घराला घर लागून आहे, तिथे मोबाईलवर वीस-पंचवीस नेटवर्क सहज दिसतात आणि ती सगळी याच तीन चॅनेलांवर दाटीवाटीने बसलेली असतात. त्यामुळे सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा मोकळी असते. २०१८ मध्ये आपल्याकडे या पट्ट्याचा बराच मोठा भाग विनापरवाना वापराला खुला झाला, त्यानंतर ड्युअल बँड राउटर घरोघर दिसायला लागले.

पण ५ ला भिंत सोसत नाही. जुन्या गावठाणातली माळवदाची घरं घ्या, दोन-दोन फुटी दगडमातीच्या भिंती. अशी एक भिंत मध्ये आली की ५ चा जीव निम्मा होतो, दुसरी आली की नेटवर्क यादीतून गायबच. पत्रा त्याहून वाईट, कारण धातूतून लहर आरपार जातच नाही. लोखंडी कपाट, पत्र्याचं पार्टिशन, आरसा यांचाही तोच त्रास. म्हणून मी सरसकट ड्युअल बँड सुचवतो: एकाच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत असाल तर ५ वर राहा, लांब असाल तर २.४ वर या.

खोक्यावर १२०० एमबीपीएस लिहिलंय. मग एवढा स्पीड येईल ना?

नाही येणार. तो आकडा दोन बँडची बेरीज असते, तीही वरच्या शेकड्यात पूर्ण केलेली. १२०० म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७, एवढं मिळून. तुम्ही एका वेळी एकाच बँडवर असता, त्यामुळे बेरजेला अर्थ नाही. त्याच हिशोबाने ६०० म्हणजे १५० अधिक ४३३, आणि १३०० म्हणजे ४०० अधिक ८६७. शिवाय हा हवेतला कमाल वेग असतो. प्रत्यक्ष हातात साधारण निम्मा पडतो, भिंती आल्या की त्याहून कमी.

आता तुमचा प्लॅन बघा. ५० किंवा १०० एमबीपीएसचा प्लॅन असेल तर ६०० लिहिलेला अ‍ॅडाप्टर ५ च्या बँडवर तो पूर्ण खेचतो. १५० लिहिलेला साधा सिंगल बँड अ‍ॅडाप्टर मात्र गर्दीच्या वस्तीत बहुतेक वेळा ७२ वरच जोडला जातो आणि हातात तीस-चाळीस येतात. मेल, जीएसटी आणि बँकेच्या कामाला तेही पुरतात. मुलांचे व्हिडिओचे तास असतील तर पुरत नाहीत.

माझ्या कॉम्प्युटरला निळं पोर्ट नाही. मग यूएसबी ३ चा अ‍ॅडाप्टर घेऊन उपयोग काय?

चालतो. काळ्या पोर्टलाही लागतो, फक्त वेग पोर्टाच्या मर्यादेत राहतो. यूएसबी २ चा कागदावरचा वेग ४८० एमबीपीएस, त्यातला २५० ते ३०० प्रत्यक्ष वापरता येतो. १०० च्या प्लॅनला एवढं भरपूर झालं. एच ६१ बोर्डाचे कॉम्प्युटर सोलापुरात ढिगाने आहेत आणि त्या चिपसेटमध्ये मुळात यूएसबी ३ नाही. त्यांच्या मालकांनी निळ्या पोर्टाची खंत करू नये.

ज्यांच्याकडे निळं पोर्ट आहे त्यांनी एक जपावं. यूएसबी ३ ची पोर्ट आणि उपकरणं चालू असताना २.४ च्या पट्ट्यात गोंगाट सोडतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. अ‍ॅडाप्टरच्या शेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली आणि नेट मंद झालं, असं दिसलं तर डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा.

यूएसबी घेऊ की आत बसवायचं कार्ड?

राउटर जवळ असेल, वेग जास्त हवा असेल आणि मशीन आहे त्याच जागी राहणार असेल तर पीसीआय एक्सप्रेस कार्ड उत्तम. बोर्डावरच्या सर्वांत छोट्या, एक्स१ खाचेत ते बसतं. घेण्याआधी कॅबिनेट उघडून ती खाच खरंच मोकळी आहे का बघा, कारण ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याखाली ती झाकली गेलेली असते. जुन्या बोर्डांवरच्या लांब पांढऱ्या खाचा साध्या पीसीआयच्या, त्यांत हे कार्ड बसत नाही. ऑफिसांतून निघालेले स्लिम कॅबिनेटचे सेकंड हँड डेस्कटॉप हल्ली बरेच जण घेतात. त्यांना कार्ड कॅबिनेटला अडकवायची अर्ध्या उंचीची पट्टी लागते, ती खोक्यात आहे का ते विचारून घ्या.

पण कार्डाची अँटेना कॅबिनेटच्या पाठीमागे येते, म्हणजे टेबलाखाली, भिंतीकडे तोंड करून. यूएसबी अ‍ॅडाप्टर वायरीने हवा तिथे नेता येतो. आपल्याकडच्या घरांत हा फायदा वेगापेक्षा मोठा ठरतो, म्हणून दहातल्या आठ जणांना मी यूएसबीच देतो.

नखाएवढा छोटा अ‍ॅडाप्टर चालेल की अँटेनावालाच हवा?

याचं उत्तर एका कारखान्यातून देतो. अशोक चौकाच्या पलीकडे टॉवेलचा कारखाना, खाली माग, बाजूला ऑफिसची खोली, वर घर. राउटर वरच्या हॉलमध्ये. ऑफिसातला कॉम्प्युटर लोखंडी टेबलाखाली आणि त्याच्या मागच्या पोर्टात छोटा नॅनो अ‍ॅडाप्टर. मालक म्हणाले, "अहो, ई-वे बिल काढायला मोबाईल घेऊन गच्चीवर जावं लागतंय, गाडी दारात उभी." मी मोजलं, चार एमबीपीएस. नॅनोच्या एका बाजूला कॅबिनेटचा पत्रा, वर टेबलाचा पत्रा, आणि खोलीच्या दारापर्यंत टॉवेलचे गठ्ठे रचलेले.

त्यांनी तोवर नवा, मोठा अ‍ॅडाप्टर मागवायचं ठरवलं होतं. मी म्हटलं थांबा. पिशवीतली दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर काढली, तोच नॅनो तिच्या टोकाला लावला आणि जिन्याकडच्या खिडकीच्या गजाला, गजापासून बोटभर लांब राहील असा, प्लास्टिकच्या टायने बांधला. बावीस एमबीपीएस आले. मग त्याच वायरीला माझ्याकडचा अँटेनावाला ड्युअल बँड लावून बघितला. वर पत्रा नव्हे, स्लॅब होता आणि जिना मोकळा होता, त्यामुळे ५ चा सिग्नल खाली उतरत होता. अडतीस आले, म्हणजे त्यांच्या चाळीसच्या प्लॅनचं जवळपास सगळं.

तर अँटेनावाला घ्याच, पण त्याआधी जागा बदलून बघा. एक्स्टेन्शन वायर स्वस्त असते. तीन मीटरच्या पुढे जाऊ नका आणि दोन वायरी एकमेकींना जोडू नका, व्होल्टेज पडतं आणि अ‍ॅडाप्टर मध्येच झोपतो. अँटेना उभी ठेवा, कारण तिची लहर आजूबाजूला पसरते, टोकाच्या दिशेने फार कमी जाते. राउटर बरोबर डोक्यावरच्या मजल्यावर असेल तर मात्र अँटेना आडवी करून बघा.

माझ्याकडे विंडोज ७ आहे. कोणताही अ‍ॅडाप्टर चालेल?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. एकदा मी स्वतः खोक्यावर नीट न वाचता नव्या पिढीचा अ‍ॅडाप्टर विंडोज ७ च्या मशीनसाठी नेला. गिऱ्हाईक विजापूर रोडच्या पुढचं, संध्याकाळची वेळ, घरातली सगळी माणसं भोवती उभी. ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला अ‍ॅडाप्टर ओळखता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, चढेचना, कारण तो फक्त विंडोज १० आणि ११ साठीच होता. परत येऊन दुसरा नेला. तेव्हापासून खोक्याच्या मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय मी पैसे देत नाही.

वाय-फाय ४ आणि ५ च्या, म्हणजे एन आणि एसी लिहिलेल्या बहुतेक अ‍ॅडाप्टरांना विंडोज ७ चा ड्रायव्हर मिळतो. वाय-फाय ६ चे, म्हणजे एएक्सचे, बहुतेक यूएसबी अ‍ॅडाप्टर विंडोज १० पासून पुढे. इंटेलच्या एएक्स २०० आणि एएक्स २१० कार्डांनाही ६४ बिट विंडोज १० लागतं. आणखी एक अडचण राउटरकडून येते. त्यावर फक्त डब्ल्यूपीए ३ सुरक्षा चालू असेल तर विंडोज ७ जोडलंच जाणार नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए २ आणि ३ मिश्र ठेवा.

विंडोज ७ चा अधिकृत आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. क्रोमची १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती. तेव्हा ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात त्याला नेट जोडण्याआधी विंडोज बदलता येतंय का ते जरूर बघा. मी हे प्रत्येकाला सांगतो, पैसे मिळोत न मिळोत.

लिनक्स टाकलंय. मग?

चिप बघून घ्या. मीडियाटेकच्या एमटी ७६१२यू चिपचा ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.१९ पासून आतच आहे, लावला की चालू. वाय-फाय ६ साठी एमटी ७९२१ची यूएसबी आवृत्ती, कर्नल ५.१८ पासून. रिअलटेकच्या बऱ्याच चिपांना बाहेरून ड्रायव्हर आणून चढवावा लागायचा आणि कर्नल अपडेट झाला की ते काम पुन्हा. कर्नल ६.२ पासून त्यांतल्या काहींची सोय आत आली आहे.

मॉडेल तेच पण आतली चिप वेगळी, असंही होतं. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन ७२२एन या गाजलेल्या मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची चिप होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची. म्हणून नावापुढचा व्ही १, व्ही २ हा आकडा वाचा.

ड्रायव्हर सीडीत आहे आणि माझा सीडी ड्राइव्ह बंद पडलाय. नेट तर अजून नाहीच. ड्रायव्हर कसा आणू?

मोबाईलवरून. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या डेटा वायरीने कॉम्प्युटरला लावा, फोनचं वाय-फाय चालू ठेवा आणि सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावरचं यूएसबी टेदरिंग सुरू करा. कॉम्प्युटरला नेट मिळतं, तेही फोनच्या वाय-फायमधून, म्हणजे मोबाईल डेटा जात नाही. फक्त चार्जिंगच्याच असणाऱ्या स्वस्त वायरीने हे होत नाही.

एखादा जुना फोन पडून असेल तर तोच कायमचा अ‍ॅडाप्टर म्हणून लावून ठेवता येतो. बारावीच्या एका मुलीचा डेस्कटॉप मी असाच फुटक्या स्क्रीनच्या फोनवर चालू करून दिला होता. परीक्षा होईपर्यंत तिला काही विकत घ्यावं लागलं नाही.

सगळं जोडलं, कनेक्टेड दिसतंय, पण वेबसाइट उघडत नाहीत. अ‍ॅडाप्टर खराब निघाला का?

आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा. २००९ किंवा २०११ साल दाखवतंय? मग बोर्डावरचा बटणासारखा सेल, सीआर २०३२, संपलाय. तारीख चुकली की ब्राउझरला वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र खोटं वाटतं आणि तो पान उघडत नाही. सेल बदला, तारीख लावा. अ‍ॅडाप्टर बदलून द्या म्हणत आलेल्या किती तरी जणांना मी फक्त हा सेल टाकून परत पाठवलंय.

नेट मध्येमध्ये तुटतं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये अ‍ॅडाप्टरवर दोनदा क्लिक करा, पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी असते, ती खूण काढा. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात लावला असेल तर मागच्या पोर्टात न्या. पुढच्या पोर्टांच्या आतल्या वायरी बारीक आणि जुन्या असतात. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत देतं, आणि दमलेल्या एसएमपीएसवर (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) तेवढंही नीट पोचत नाही.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. नॅनो अ‍ॅडाप्टर हाताला चटका बसेल इतका तापतो आणि दुपारी दोन ते पाच कनेक्शन सोडतो. वायरीवर बाहेर काढून ठेवला की त्याला हवा लागते. मागाच्या कारखान्यात सुताचे तंतू कॅबिनेटच्या आत लोकरीसारखे साचतात आणि पंखे गच्च होतात. ब्लोअरने दर महिन्याला साफ करा, नाहीतर वाय-फायला दोष देत बसाल आणि बंद पडेल प्रोसेसर.

ब्लूटूथपण असलेलं घेऊ का?

हेडफोन किंवा माऊस जोडायचा असेल तर घ्या. आत बसवायच्या कार्डात ब्लूटूथसाठी एक वेगळी वायर बोर्डावरच्या यूएसबीच्या नऊ पिनांवर लावावी लागते. ती न लावल्यामुळे "वाय-फाय चालतंय, ब्लूटूथ दिसत नाही" म्हणत लोक येतात.

वाय-फाय ६ किंवा ७ घेऊन ठेवू का, पुढे उपयोगी पडेल?

जुन्या मशीनसाठी नको. राउटर त्या पिढीचा नसेल तर उपयोग नाही आणि ड्रायव्हरची अडचण मात्र पहिल्या दिवसापासून. विंडोज १० किंवा ११, वाय-फाय ६ चा राउटर आणि मोकळी एक्स१ खाच, हे तिन्ही असेल तरच एएक्सचं कार्ड घ्या. सुटं कार्ड मागवताना एएक्स २०१ किंवा एएक्स २११ घेऊ नका. ती इंटेलच्या ठराविक नव्या चिपसेटवरच चालतात, जुन्या बोर्डात मरून पडतात.

अ‍ॅडाप्टर न घेता काही उपाय आहे?

आहे, आणि जमत असेल तर तोच पहिला. लॅन केबल. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची वायर १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते. भिंत, पत्रा, शेजाऱ्याचं नेटवर्क, ड्रायव्हर, यातलं काहीच आड येत नाही. घर रंगवायला काढलं असेल तर तेव्हाच पट्टीतून ओढून घ्या.

वायर ओढता येत नसेल आणि मशीनवर विंडोज एक्सपीसारखं फार जुनं काही असेल तर लॅन पोर्ट असलेला रेंज एक्स्टेंडर घ्या. तो राउटरचं वाय-फाय पकडतो आणि कॉम्प्युटरला फूटभर लॅन वायरीने देतो. कॉम्प्युटरला वाटतं साधं लॅनच आहे, त्यामुळे ड्रायव्हर लागत नाही. मागाच्या डिझाइनचं जुनं सॉफ्टवेअर एक्सपीवरच चालतं असे कारखाने आहेत, त्यांना मी हेच देतो. मात्र अशा मशीनला फाइल आणण्यापुरतंच नेट द्या, बाकी वेळ वायर काढून ठेवा.

शेवटी कोणता घेऊ ते एका शब्दात सांगा.

मशीन विंडोज ७ किंवा १० वर आहे, राउटर ड्युअल बँड आहे, प्लॅन १०० च्या आत आहे, असं असेल तर एसी ६०० लिहिलेला, बाहेर अँटेना असलेला यूएसबी अ‍ॅडाप्टर आणि सोबत एक ते दीड मीटरची एक्स्टेन्शन वायर. प्लॅन मोठा आणि निळं पोर्ट असेल तर एसी १३००. राउटर सिंगल बँड असेल आणि बदलणार नसाल तर साधा एन. नवी पेठेतल्या दुकानांतून घेतलात तर मशीनचे फोटो दाखवून, नाही चालला तर बदलून द्याल का, हे पैसे देण्याआधी विचारा आणि बिलावर मॉडेलचं नाव लिहून घ्या. ऑनलाइन घेतलात तर खोकं फोडताना फाडू नका, परतीला तेच लागतं.

आणि राउटरला छोटा यूपीएस लावलेला नसेल तर तोही त्याच फेरीत आणा. लाईट गेल्यावर कॉम्प्युटर यूपीएसवर चालू राहतो, राउटर बंद पडतो, आणि अर्धवट भरलेला फॉर्म पुन्हा पहिल्या पानापासून भरावा लागतो.